एफ-३ कुठे आहे? आइस हॉकी गेमच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, आखून झाली. लांबी २०० फूट, रुंदी ८५ फूट, कोपरे गोल. दोन निळ्या रेषांनी तिचे तीन भाग पडतात: ७५, ५०, ७५. गोलरेषा मागच्या फळीपासून ११ फूट पुढे, म्हणजे गोलच्या पाठीमागेही खेळ चालतो. मैदानी हॉकी बघत वाढलेल्या माझ्या डोक्यात ही जागा नव्हतीच. पहिल्या आराखड्यात गोल थेट भिंतीला टेकवला होता, भाचीने स्क्रीनवर बोट ठेवून हसून दाखवलं. मापं फुटांतच ठेवतेय. एनएचएलचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगचं, नियमपुस्तक फुटांत आहे, भाचीचा कोचही फुटांतच बोलतो. मीटर करत बसले तर प्रत्येक आकड्यात दशांशचिन्ह घुसेल.

काय करायचंय ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे फेब्रुवारीत स्वतःला गंडवता येणार नाही. वरून दिसणारा साधा गेम, गेम बनवायच्या गोडो इंजिनात. एक खेळाडू माणसाच्या हातात, बाकी चार आणि गोलरक्षक संगणकाकडे. चित्रांचं पुण्यातला कॉलेजचा मित्र बघतोय. गर्दीचा आवाज, ट्रॉफ्या, खेळाडूंच्या बदल्या यातलं काहीही करायचं नाही. माझ्याकडे पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) असताना बाकीचे चौघं योग्य जागी असावेत, आणि पक गेला की पुन्हा योग्य जागी असावेत, इतकंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसनंतर दोन तास. सर्वांत बाळबोध नियम आधी लिहून पाहिला: पक जिकडे, तिकडे जा. गुळाच्या ढेपेला माश्या लागाव्यात तसे दोन्ही संघांचे दहाच्या दहा जण एका कोपऱ्यात. पक चुकून त्या घोळक्यातून बाहेर आला की जो कुणी मागे रेंगाळला असेल तो एकटा गोलपर्यंत जातो. सहा वर्षांची असताना भाचीच्या टीमचे सामने अगदी असेच व्हायचे.

मग दुसरं टोक: प्रत्येकाला ठरलेली जागा. इथे कॅनडात जुन्या घरांच्या बेसमेंटमध्ये अजून टेबल हॉकी सापडते, दांडे ओढून-फिरवून खेळायची. तिच्यात प्रत्येक खेळाडूसाठी फळीत एक खाच कापलेली असते, तो तिच्याबाहेर जाऊ शकत नाही. माझे खेळाडू तसे झाले. पक आठ फुटांवर पडलाय आणि डावा विंगर (आघाडीचा, डाव्या कडेने खेळणारा) आपल्या खाचेत उभा राहून तो बघतोय. शिस्त उत्तम, उपयोग शून्य.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ताईकडे पोहे. लॅपटॉप बरोबर नेला होता. भाची अकरा वर्षांची, डावी विंगर. शनिवारी सहाला तिचा सराव असतो, त्यामुळे नऊ वाजता घरात तीच सर्वांत जागी असते. दोन मिनिटं खेळली आणि म्हणाली, "मावशी, तुझा एफ-३ कुठे आहे?"

"कोण?"

"एफ-३ गं. आमचा कोच सारखा ह्याच्यावरूनच ओरडतो."

मग तिने पोह्यांची डिश पुढे ओढली. डिश म्हणजे समोरच्यांचा भाग, लिंबाची फोड म्हणजे पक, आणि शेंगदाणे म्हणजे आपल्या मुली. सेंटर, डावी विंगर, उजवी विंगर ही नावं फेस-ऑफच्या, म्हणजे पंच पक टाकून खेळ सुरू करतो त्या, वेळेपुरती. पक समोरच्यांच्या कोपऱ्यात गेला की आघाडीच्या तिघींपैकी जी आधी पोचेल ती एफ-१, म्हणजे पहिली फॉरवर्ड. ती थेट पकवर जात नाही, तिरकी जाते, पकवालीला एकाच बाजूला वळायला भाग पाडते. मुलींच्या हॉकीत अंगावर धडक मारायला परवानगी नाही, त्यामुळे हा अँगलच सगळं काही. दुसरी एफ-२: एफ-१ ने जिकडे वळवलं तिकडचा पास तोडायचा. आणि तिसरी एफ-३: तिने खाली जायचंच नाही. फेस-ऑफ वर्तुळांच्या माथ्यापाशी, मधोमध थांबायचं. पक आपल्याला मिळाला तर गोलवर मारायला तीच मोकळी, नाही मिळाला तर परत धावणारी पहिली तीच.

"आणि तिला राहवलं नाही, ती पण कोपऱ्यात गेली तर?"

"मग त्या तीन आणि आपल्या मागे फक्त दोन," भाची म्हणाली आणि एफ-३ खाऊन टाकली.

भूमिका जर्सीच्या नंबराला चिकटलेली नाही, कोण कधी पोचतं त्यावर ती ठरते. आठवडाभर मी जागा वाटत बसले होते, वाटायच्या होत्या पाळ्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

भूमिका-वाटप नव्याने. पहिल्या प्रयत्नात पकपासूनच्या अंतरावर क्रम लावला आणि तो चुकला, कारण बर्फावर माणूस जागच्या जागी वळत नाही. माझ्या गेममध्ये पूर्ण वेग सेकंदाला २८ फूट आणि ब्रेक सेकंदाला १६ फुटांच्या दराने लागतो. पकपासून फक्त १० फुटांवर असलेला पण उलट दिशेने सुसाट चाललेला खेळाडू आधी साडेचोवीस फूट घसरत थांबणार, मग तेवढं अंतर आणि वरचे दहा फूट परत येणार: चार सेकंद गेले. ४० फुटांवरून सरळ पककडे येणारा दीड सेकंदात हजर. म्हणून अंतर काढून टाकलं, पोचायची वेळ घातली. त्या एका बदलाने खेळाला हॉकीची कळा आली. पहिल्यांदाच कुणीतरी वेळेवर मागे वळताना दिसलं आणि मी एकटीच खुर्चीत ओरडले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवी कटकट. दोघांची वेळ जवळपास सारखी असली की भूमिका सेकंदाला साठ वेळा बदलते. "तू जा", "नाही, तू जा", अशी दोघं जागच्या जागी थरथरतात. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या जिलबीपाशी होतं तसंच.

उपाय दोन. विचार सेकंदाला दहाच वेळा करायचा, हालचाल साठ वेळा. आणि एफ-१ ची पाळी हिसकावायची तर नव्या खेळाडूची वेळ निदान ०.३ सेकंदाने कमी हवी. थरथर गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज कोड नाही. बाहेर बर्फ, खाली बेसमेंटमध्ये जुने गेम.

अटारी २६०० वरचा अ‍ॅक्टिव्हिजनचा आइस हॉकी, १९८१. प्रत्येक बाजूला दोनच माणसं, एक गोलपाशी, एक पुढे. जागेचा प्रश्न माणसं कमी करून सोडवलाय. निन्टेन्डोचा आइस हॉकी, १९८८: गोलरक्षकाशिवाय चार जण, आणि प्रत्येकासाठी तीन देहांपैकी एक निवडायचा. काटकुळा वेगवान, पण धक्का लागला की आडवा. लठ्ठ सावकाश, पण फटका जबर. मधला दोन्हींत मध्यम. इथे डावपेच सामना सुरू व्हायच्या आधीच ठरतो: पकपर्यंत कोण लवकर पोचणार आणि कोण मागे राहणार हे शरीरच सांगतं. फार हुशार सोय आहे, आणि पोरासोरांना न समजावता कळते.

मग १९९३ साली आलेला एनएचएल ९४. यात वन-टायमर आला, म्हणजे आलेला पास न थांबवता थेट मारायचा. मला वाटतं गेममधल्या जागेच्या प्रश्नाला खरी सुरुवात इथून झाली. त्याआधी पक नसलेला जोडीदार म्हणजे पास द्यायचा खांब. वन-टायमर आल्यावर तो बंदूक झाला. गोलरक्षक एका बाजूला सरकलाय, पास दुसऱ्या बाजूला जातोय, आणि तिथे माणूस असला पाहिजे. फूटभर मागे नको, फूटभर पुढे नको.

पुढच्या गेममध्ये हळूहळू कोचचा फळा आला: फोरचेक, म्हणजे समोरच्यांच्या भागात जाऊन पकसाठी दबाव, किती जणांनी करायचा, स्वतःच्या भागात गोलभोवती गोळा व्हायचं की निळ्या रेषेवरच्या खेळाडूंना जाऊन भिडायचं, पॉवर प्लेत (समोरचा एक जण शिक्षेमुळे बाहेर असताना) छत्री मांडायची की एका बाजूला भार द्यायचा. आणि २००८ च्या एनएचएल ०९ मध्ये ऑनलाइन क्लबांची लीग आली, तिथे एकेका खेळाडूमागे खराखुरा माणूस. माँट्रियालचा एक सहकारी तेव्हापासून खेळतोय. तो म्हणतो, अनोळखी लोकांबरोबर खेळलं की सगळे पकमागे, पुन्हा तुझ्या त्या माश्या. माणूस घातला म्हणून प्रश्न सुटत नाही तर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ऑफसाइड. नियम एका ओळीचा: पक निळी रेषा ओलांडेपर्यंत हल्ला करणाऱ्या संघातल्या कुणाचेही दोन्ही स्केट पलीकडे गेलेले नसावेत. कोड मात्र चार तास.

माझे विंगर नियम पाळायचे. रेषेच्या साडेचोवीस फूट अलीकडे ब्रेक लावायचे आणि रेषेवर येऊन थांबायचे. मधला पट्टा सगळा ५० फुटांचा, म्हणजे निम्म्या पट्ट्यातच यांचा वेग संपलेला. माणूस पक घेऊन पोचतो तेव्हा दोन्ही बाजूंना दोन पुतळे. ऑफसाइड एकही नाही, हल्लाही नाही.

खऱ्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावून फक्त विंगरकडे बघत बसले. ते थांबतच नाहीत. रेषेजवळ आले की आडवे वळतात, रेषेला समांतर घसरतात, एक पाय अलीकडे ठेवतात, आणि पक आत गेला की त्याच वेगाने आत वळतात. वेग खर्च न करता वेळ काढायची ही युक्ती. आता पक रेषेपर्यंत यायला जेवढा वेळ लागणार तेवढा लांब वळसा विंगरसाठी काढते. वळसा बसत नसेल तरच ब्रेक.

पाचात एकदा तरी अजून चुकतं, कारण हातात पक असलेला माणूस ऐनवेळी मागे वळतो. त्याला काय करणार.

६ डिसेंबर, शनिवार

रात्रभर संगणक विरुद्ध संगणक लावून ठेवलं होतं. सकाळी चहा घेऊन लॉग उघडला, तर एका सामन्यात पक चार मिनिटं एकाच ठिकाणी. वाटलं, गेम गोठला. पुन्हा चालवून पाहिला. गोठला नव्हता. सगळे आपापलं काम चोख करत होते.

एका संघाला मी १-३-१ दिलं होतं: एक पुढे, तिघं मधल्या पट्ट्यात आडवी ओळ करून, एक मागे. पुढच्यालाही ताकीद, समोरच्यांच्या भागात शिरायचं नाही, नुसता पास तोडत उभा राहा. दुसऱ्या संघाचा नियम: पास पोचायची शक्यता ६० टक्क्यांच्या वर असेल तरच द्या, नाहीतर पक सांभाळा. शक्यता कधी साठच्या वर गेलीच नाही. एक बचावपटू गोलजवळ पक घेऊन उभा, समोर पाच जण उभे, घड्याळ चालू.

सोमवारी सांगू म्हणून थांबले नाही, माँट्रियालकराला लगेच फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: हे तर टॅम्पाला झालंय! खरंच झालंय. ९ नोव्हेंबर २०११. टॅम्पा बे लायटनिंगचा कोच गी बुशे १-३-१ लावून बसायचा. त्या रात्री फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या बचावपटूंनी ठरवलं, तुम्ही येत नाही ना, मग आम्हीही नाही. स्वतःच्या भागात पक घेऊन उभे राहिले. प्रेक्षक ओरडतायत, आणि अखेर पंचांना शिट्टी वाजवून खेळ थांबवावा लागला. क्लिप तीनदा पाहिली. माझ्या स्क्रीनशी इतकी जुळते की उगाच अभिमान वाटला.

तरी बग तो बगच. पक असलेल्या संघाला आता संयमाचा काटा दिलाय. दर सेकंदाला साठची अट तीन टक्क्यांनी खाली येते. दहा सेकंदांत ती तिसावर येते आणि कुणीतरी पक कडेच्या काचेवर आपटवून लांब टोलवतो आणि मागे धावतो. हे दिसायला कुरूप आहे, पण खऱ्या सामन्यात असंच दिसतं.

९ डिसेंबर, मंगळवार

छोटा प्रयोग. एनएचएलमध्ये २००५-०६ च्या हंगामाआधी स्वतःच्या भागातून थेट मधल्या लाल रेषेपलीकडे पास देता यायचा नाही. तो जुना नियम स्विच म्हणून घातला. चालू केला की मधला पट्टा अडवणाऱ्यांना अर्धीच जागा राखावी लागते, आणि सापळा लावणारा संघ डोळ्यांदेखत मजबूत होतो. १९९५ मध्ये जाक लमेरच्या न्यू जर्सी डेव्हिल्सनी याच सापळ्याच्या बळावर डेट्रॉइटला अंतिम फेरीत ४-० असं गुंडाळलं होतं. डेव्हिल्स कंटाळवाणे, असं लोक अजून म्हणतात. त्यांचा खेळ कोडमध्ये लिहिताना मात्र कंटाळा येत नाही, एवढा नीटनेटका आहे.

स्विच बंद ठेवून दिला.

१४ डिसेंबर, रविवार

मागचे दोघे. आजवर त्यांच्याकडे दुर्लक्षच केलं होतं.

समोरचा पक घेऊन अंगावर येतोय आणि बचावपटू उलटा घसरत मागे जातोय. दोघांत किती अंतर ठेवायचं? फार ठेवलं तर तो आरामात निळी रेषा ओलांडून फटका मारतो. फार कमी ठेवलं तर एका झुकांडीत बाजूने निसटतो. साधारण दीड स्टिक, असा ठोकताळा भाचीकडून मिळाला. स्टिक पाच फुटांच्या आसपास, म्हणून साडेसात फूट. पण हे अंतर निळ्या रेषेपाशी असायला हवं, तर त्याची तयारी मधल्या पट्ट्यात सुरू व्हायला हवी. माझा बचावपटू आधी लांब पळायचा आणि गोलजवळ येऊन अंतर कमी करायचा. तोवर फटका बसलेला.

दुसरी गोष्ट: फेस-ऑफच्या ठिपक्यांच्या आत राहणे. ते दोन ठिपके एकमेकांपासून ४४ फुटांवर. बचावपटूने त्या पट्ट्यात राहून समोरच्याला बाहेर, फळीकडे ढकलायचं. तिथून कितीही फटके मारू दे.

मग दोनास एक. दोन हल्लेखोर आणि आपला एकच मागे. नवशिका पकवाल्याकडे जातो, पास पडतो, गोल होतो. शिकवण अशी की पकवाला गोलरक्षकाचा, पास बचावपटूचा. दोघांमधल्या रेषेवर थोडं पकच्या बाजूला राहायचं, स्टिक बर्फावर आडवी. कोड अकरा ओळींचा, आणि अख्ख्या प्रकल्पात माझा सर्वांत आवडता. अडचण एवढीच की खेळणाऱ्या माणसाला वाटतं संगणकाचा बचावपटू घाबरून बाजूला झाला. ऑफिसातल्या एकाने तसं म्हटलंही: "तुझा गडी अंगावरच जात नाही." त्याला समजावत बसले, तोवर त्याने आणखी एक गोल खाल्ला, स्वतः अंगावर जाऊन.

२० डिसेंबर, शनिवार

पुण्यातल्या मित्राशी व्हिडिओ कॉल. तिकडे रात्र. त्याने आइस हॉकी कधी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, लेहच्या गोठलेल्या तळ्यावरचे फोटो तेवढे पाहिलेत, आणि ते पहिल्या चित्रांत दिसत होतं: माणसं बर्फावर रस्त्यावरून धावल्यासारखी पाय उचलत होती. आता नीट घसरतात.

स्वतःच्या भागातला बचाव दाखवला. चौघांचा चौकोन, पाचवा पकवर. पक ज्या कोपऱ्यात जाईल तिथला बाहेर पडतो, बाकीचे त्याची जागा भरत सरकतात. तो शाळेत कबड्डी खेळलेला. म्हणाला, "अगं, हे कोपरा आणि कव्हरच झालं की. कोपरा पुढे गेला तर कव्हरने आत यायचं, नाहीतर साखळी तुटते."

पुष्कळसं बरोबर आहे. फरक असा की कबड्डीत चढाई करणाऱ्याला परत जायचं असतं, त्यामुळे वेळ पकड करणाऱ्यांच्या बाजूने असतो. इथे पक गोलमागे गेला की बचाव करणाऱ्यांची मान मागे वळते आणि पाठीमागून कोणी समोर येऊन उभा राहिलेला दिसत नाही. माझ्या कोडला मात्र सगळंच दिसतं, त्यामुळे तो कधी फसतच नव्हता. तेव्हा प्रत्येकाला नजर दिली: तोंड जिकडे, तिकडचा अर्धा भाग. मागचे खेळाडू शेवटचे जिथे दिसले तिथेच आहेत असं तो धरून चालतो. आता गोलमागून पुढे दिलेल्या पासवर गोल होतात, आणि व्हायलाच हवेत.

आकुंचन किती करायचं तो आकडा अजून हलतोय. सगळे गोलभोवती गोळा केले तर दोन्ही खांबांपासून ठिपक्यांपर्यंत आणि तिथून वर्तुळाच्या माथ्यापर्यंतचा जो घरासारखा भाग, तो भरून जातो. पण मग आपल्याच पाच जणांच्या पायांमुळे गोलरक्षकाला लांबचा फटका दिसत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

पॉवर प्ले. समोरचा एक जण दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर, आपले पाच विरुद्ध त्यांचे चार. मी छत्री मांडली: एक वर मधोमध, दोन बाजूंना, दोन गोलसमोर. पास छान फिरतात, गोल होत नाहीत. तासभर शक्यतांचे आकडे तपासले, सगळे बरोबर.

चूक हातांची निघाली. मी सर्वांना उजव्या हाताचे केलं होतं. डावीकडे उभा असलेला उजव्या हाताचा खेळाडू स्टिकचं पातं मैदानाच्या मधल्या बाजूला ठेवतो, म्हणून पलीकडून आलेला पास तो तसाच मारू शकतो. उजवीकडे उभा असलेल्या उजव्या हाताच्या खेळाडूला पास अंगावरून घ्यावा लागतो, तेवढ्यात गोलरक्षक सरकतो. माझी अर्धी छत्री बंद होती. अलेक्झांडर ओवेच्किन इतकी वर्षं डाव्या वर्तुळात का उभा राहतो हे मला आज कोडमधून कळलं. उजव्या हाताचा आहे तो. ६ एप्रिल २०२५ ला त्याने ८९५ वा गोल मारून वेन ग्रेट्झ्कीचा एनएचएलमधल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला तोही पॉवर प्लेतच, आणि सगळ्या जगाला तो कुठे उभा राहणार हे ठाऊक असताना.

खेळाडूंच्या माहितीत एक रकाना वाढवला: हात. भूमिका वाटताना तो बघायचा.

तसंच, एक कमी असताना पक लांब टोलवला तर एनएचएलमध्ये आयसिंग (मधल्या रेषेअलीकडून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार मारण्याची चूक) धरत नाहीत. माझा पंच धरत होता. दुरुस्त.

३ जानेवारी २०२६, शनिवार

दोन भानगडी.

एक: खेळाडू बदलणं. पाऊण मिनिटाने दमतात, बाकावर जातात, नवे येतात. पहिल्या कालखंडात ठीक, दुसऱ्यात गोलांचा पाऊस. टोकं बदलतात, बाक मात्र जागीच राहतो, त्यामुळे दुसऱ्या कालखंडात आपल्या बचावाच्या भागापासून आपला बाक लांब पडतो. माझे दोन्ही बचावपटू दमले की एकदमच निघायचे, पक कुठे आहे हे न बघता. आता नियम असा: पक समोरच्यांच्या भागात खोल असल्याशिवाय बचावपटूने बाकाकडे बघायचंसुद्धा नाही. दमून मेला तरी चालेल.

दोन: शेवटचं मिनिट, एका गोलने मागे, गोलरक्षक बाहेर, सहावा खेळाडू आत, आणि गेम धाडकन बंद. भूमिकांची यादी पाचचीच होती, सहाव्याला द्यायला काही नव्हतं. त्याला तात्पुरतं गोलसमोर उभं राहून अडथळा करायला सांगितलं. खऱ्या कोचचंही याहून वेगळं काही असतं का, कोण जाणे.

१० जानेवारी, शनिवार

ऑफिसमधले चौघं खेळायला आले होते. आजची नोंद मोठी होणार, कारण तीन आठवड्यांचं काम उडवलं.

नाताळच्या सुट्टीत मी एफ-३ हुशार केला होता. दर दशांश सेकंदाला तो आसपासच्या शेकडो जागा तपासायचा आणि गोलची शक्यता जिथे सर्वांत जास्त तिथे सरकायचा. संगणक विरुद्ध संगणक सामन्यांत तो जुन्या एफ-३ ला सहज हरवायचा. मी खूश.

माणसं खेळायला लागली आणि पास वाया जायला लागले. पहिल्यांदा वाटलं, नवखे आहेत. मग त्यांच्या मागे उभी राहून डोळे बघितले. माणूस फक्त पक आणि समोरून येणारा बघतो. जोडीदाराकडे तो बघतच नाही. तो वर, मधोमध असेल असं धरून बटण दाबतो. आणि माझा हुशार एफ-३ तिथून नुकताच आठ फूट डावीकडे गेलेला असतो, कारण तिथली शक्यता दोन टक्क्यांनी जास्त. माँट्रियालकर चिडून म्हणाला, याच्यापेक्षा माझ्या क्लबमधला तो म्हातारा बरा, हळू आहे पण असतो तिथे असतो.

जेवणाच्या सुट्टीत (पिझ्झा, आणि ताईने पाठवलेल्या चकल्या) जुना एफ-३ परत लावला. वर्तुळांच्या माथ्यावर, मधोमध, पकच्या बाजूला थोडा झुकलेला. तेच चौघं, तोच गेम, न बघता दिलेले पास बसायला लागले. कुणालाही सांगितलं नव्हतं काय बदललं ते. एकाने विचारलं, "आता एआय सुधारलास का?"

सुमारे तीनशे ओळी काढून टाकल्या. काढताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. शक्यतांचा हिशोब आता फक्त समोरच्या संघाला ठेवलाय, त्यांच्या पासची कुणी वाट बघत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

कोड नाही. भाचीचा सामना, सकाळी सव्वासातला, रिंकमध्ये बाहेरच्याइतकीच थंडी. ताई आणि मी पायांवर एकच ब्लँकेट घेऊन बसलो.

दुसऱ्या कालखंडात पक त्यांच्या डाव्या कोपऱ्यात अडकला. आमच्या दोघी आत. भाची तिसरी. ती वर्तुळाच्या माथ्यावर आली आणि थांबली. गुडघे वाकवलेले, स्टिक बर्फावर, पायांची बारीक चुळबुळ. आत जायचं तिच्या अंगात दिसत होतं.

"अगं जा ना पुढे!" ताई ओरडली.

ती गेली नाही. पक फळीवरून निसटून त्यांच्या मुलीकडे गेला, ती वळून सुटणार तेवढ्यात भाची आधीच मागे वळलेली होती, मधल्या रेषेपाशी तिरकी येऊन तिला फळीकडे दाबत नेलं. पास गेला नाही, फटका गेला नाही. आयसिंग. शिट्टी. गोल वगैरे काहीच नाही, आम्ही २-१ ने हरलो.

गाडीत बसताना ताई मला हळूच म्हणाली, "आज काही खेळलीच नाही गं ती." मागच्या सीटवर भाचीने हेल्मेट मांडीवर घेतलं होतं आणि आरशातून माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर एक बग नोंदवला: एफ-३ मागे वळतो तो पक हरवल्यावर. तिने वळायला त्याच्या आधीच सुरुवात केली होती, समोरच्या मुलीची स्टिक पकला लागायच्या आधी. एफ-१ हरतोय हे ओळखायला पकचा ताबा बघून चालणार नाही, एफ-१ चे खांदे बघावे लागतील. खांदा कुठे वळलाय ही माहिती सध्या फक्त मित्राच्या चित्रांत आहे, माझ्या कोडमध्ये नाही. त्याला मेसेज टाकलाय.